चूक, पुन्हा कर

५ मे २०२५
वर्गमूळ दिन (५/५/२५)

प्रिय चिंगे,

आज सकाळी आधी तारीख पाहिली आणि मग तोंड धुतलं. पाच पाचे पंचवीस. नऊ वर्षं वाट पाहिली या दिवसाची. मागचा ४/४/१६ ला झाला तेव्हा तू इथे होतीस आणि आपण दोघांनी वहिनीची सगळी गाजरं चौकोनी चिरून ठेवली होती. जगात आपल्यासारखे आणखी खुळे आहेत आणि तेही या दिवशी कंदमुळं चौकोनी चिरतात, हे तूच कुठूनसं शोधून काढलं होतंस. या वेळी मी बीट घेतलं. ओटा असा लाल झाला की वहिनीला वाटलं माझं बोट गेलं. तिला हल्ली रंगच तेवढे दिसतात, आकार दिसत नाहीत.

पुढचा वर्गमूळ दिन ६/६/३६, म्हणजे अकरा वर्षांनी. मी तेव्हा पंचाऐंशीचा असेन. शतकात असे दिवस नऊच. वहिनी म्हणते, लोक माणसांचे वाढदिवस करतात, तुम्ही भाऊ-बहीण आकड्यांचे करता. मी म्हटलं, आकडे रुसत नाहीत.

तिची साखर वाढलेलीच आहे. मार्चपासून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय. सकाळी अठरा युनिट, संध्याकाळी दहा. सुईवरच्या बारीक रेघा तिला दिसत नाहीत, म्हणून भरायचं काम माझं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं ते आता कामी आलं म्हणायचं. रोज ती विचारते, "किती घेतलं?" मी सांगतो, "अठरा." ती हात पुढे करते.

आपला नियम लक्षात आहे ना? पत्र फक्त गणिताच्या दिवशी, आणि प्रत्येक पत्रात तोंडी गणित. बाकीच्या गप्पा फोनवर वहिनीशी मार. मला फोनवर हल्ली नुसती खरखर ऐकू येते.

तुझ्यासाठी दोन गणितं. सतरा गुणिले तेवीस. आणि पहिल्या पंचवीस विषम संख्यांची बेरीज. कागद-पेन्सिल वापरलीस तर मला कळेल.

तुझा
दादा


२ जुलै २०२५
वर्षाचा मधला दिवस (मागे १८२, पुढे १८२)

प्रिय दादा,

आज दुपारी औषधं मोजता मोजता आठवलं की आज वर्षाच्या बरोबर मध्यावर उभे आहोत आपण. मी हे आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. त्या औषध विभागाच्या प्रमुख आहेत आणि कधी हसत नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून अर्धं वर्ष काढायचंय." माझा उत्सव तेवढ्यावर आटोपला.

इथे दोघीजणी रजेवर आहेत आणि मुलांच्या वॉर्डाचं सगळं माझ्यावर आलंय. मोठ्यांचं औषध सोपं असतं. मुलांचं वजन बघून मोजावं लागतं, मग पातळ करायचं, मग पुन्हा मोजायचं. चार किलोचं बाळ असलं की एका थेंबानेही फरक पडतो. म्हणून आमच्याकडे दुसरी सही असते. मी हिशेब कागदावर करते, दुसरी बाई माझा कागद न बघता तोच हिशेब करते, दोन्ही जुळले तरच औषध खिडकीबाहेर जातं. नव्या मुलींना त्याचा कंटाळा येतो. मला त्याच्याशिवाय झोप लागणार नाही.

वहिनीचं इन्सुलिन तू भरतोस ते ठीक आहे, पण खिडकीशी उजेडात उभं राहून भर आणि भरलं की कुणाला तरी दाखव. खालच्या शिंपीणकाकू दिवसभर सुयाच हाताळतात, त्यांना रेघा नीट दिसतील. राग मानू नकोस, हे धंद्याचं बोलणं आहे.

तुझ्या गणितांची उत्तरं मागच्या पानावर लिहिली आहेत. बसमध्ये उभ्याउभ्या केली, कागद-पेन्सिल शपथेवर नाही.

तुझी
चिंगी


२२ जुलै २०२५
पायचा दिवस (२२/७)

प्रिय चिंगे,

लोक हा दिवस चौदा मार्चला करतात, महिना आधी आणि तारीख नंतर लिहून. करू देत बापडे. आपल्याकडे तारीख आधी, तेव्हा आपला पाय बावीस सातवर. आज मी घरातली सगळी झाकणं काढून दोऱ्याने मोजली. मोठ्या पातेल्याचं झाकण आडवं एकवीस सेंटिमीटर भरलं आणि गोल शहात्तर. भागून पाहिलं तर साडेतीनच्याही वर गेलं. दोरा ताणला गेला असणार. हल्लीचे दोरेही धड नसतात.

आता तुझ्याविषयी. दोन्ही उत्तरं पाहिली. बेरीज बरोबर. गुणाकार चूक, पुन्हा कर. बरोबर उत्तर मी सांगत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण खरं सांगू का, मला ते पाहून धस्स झालं. सतरा तेवीस तू सातवीत असताना डोळे मिटून सांगायचीस. फार थकली आहेस का? नीट खातेस-पितेस का? आणखी एक देतो, एकोणीस गुणिले एकवीस. सावकाश कर.

शिंपीणकाकूंना दाखवण्याचं म्हणालीस. मला दुसरी सही लागत नाही. उलट ती तुलाच लागेल असं दिसतंय. रागाने म्हणत नाही.

वहिनीला गेल्या आठवड्यात सकाळी घेरी आली. अंगाला दरदरून घाम, बोलणं जडावलेलं. साखरेचं पाणी पाजल्यावर सावरली. नाश्ता नीट करत नाही, दुसरं काय. आणि ही औषधवाली मंडळी बाटलीत माल कमी भरतात की काय कोण जाणे. आधी एक बाटली चौदा दिवस पुरायची, आता दहा-अकरा दिवसांतच तळ दिसतो. दुकानदाराशी भांडून आलो.

उत्तर लवकर पाठव. मला चैन पडणार नाही.

दादा


२९ जुलै २०२५

दादा,

आज कुठलाच दिवस नाही. एकोणतीस ही मूळ संख्या आहे एवढंच, पण महिन्यात अशा दहा-अकरा तारखा असतात, त्याचा काय सण करायचा. तरी लिहिते आहे, कारण तुझं पत्र वाचल्यापासून माझा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे.

मी तो गुणाकार पुन्हा केला. तोंडी केला, कागदावर केला, तिसऱ्यांदा यंत्रावर केला. एकच उत्तर येतं. मग तुला मी लिहिलं काय होतं? मला आठवत नाही. बसमध्ये होते, गर्दी होती, एवढंच आठवतं. जे मनात आलं ते हाताने लिहिलंच नाही असं झालं असेल तर ते जास्त वाईट आहे, दादा. औषधाच्या चिठ्ठीवर मी हातानेच लिहिते.

तुला आईचं आठवतं ना? तिचंही आकड्यांपासूनच सुरू झालं. विणताना टाके चुकायला लागले आणि ती लोकरीला दोष द्यायची. मग जिन्याच्या पायऱ्या रोज वेगळ्या भरायच्या. शेवटी तिने मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मी छप्पन्न वर्षांची आहे. मला वाटत होतं की अजून अवकाश आहे.

काल मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मला मुलांच्या वॉर्डावरून काढा म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढत नाही. महिनाभर तुमचा प्रत्येक हिशेब मी स्वतः तपासीन." तेव्हापासून माझा प्रत्येक कागद त्यांच्याकडे जातो. परत येईपर्यंत मी पुढच्या औषधाला हात लावत नाही. आज एका बाळाचं औषध करताना मी तेच वजन सात वेळा वाचलं.

माझं ते मागचं पत्र मला परत पाठव. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

उत्तरं या पत्राच्या शेवटी लिहिली आहेत. या वेळी खाली कार्बन ठेवला आहे आणि मोठ्या बाईंची सही घेतली आहे. त्यांना वाटलं असेल की बाई खुळावली.

वहिनीला नाश्ता करायला लाव. मी फोन केला तर "मी बरी आहे गं" एवढंच म्हणते. तुझ्या बाकी मजकुराकडे माझं लक्षच लागलं नाही, माफ कर.

चिंगी


१६ सप्टेंबर २०२५
१६/९/२५ (नऊ आणि सोळा पंचवीस, आणि तिन्ही वर्ग)

प्रिय चिंगे,

असा दिवस शतकात पुन्हा नाही. त्या तिघांची मुळं काढ, तीन, चार, पाच. काटकोन त्रिकोण तारखेत येऊन बसलाय. दुसरी कुठली वेळ असती तर मी नाचलो असतो.

तुझं जुनं पत्र सापडत नाही. मी टेबलाच्या खणातच ठेवलं होतं. वहिनीने आवराआवर केली असणार.

नवीन उत्तरं तपासली. सतरा तेवीस पुन्हा चूक. एकोणीस एकवीसही चूक. चिंगे, आता मी गंमत करत नाही. तू डॉक्टरांकडे जा. मेंदूच्या डॉक्टरांकडे. आईच्या वेळी आपण तीन वर्षं उशीर केला. नोकरी सोडायची वेळ आली तरी सोड, इकडे ये, आम्ही आहोत. त्या तान्ह्या मुलांचा विचार कर. तुझ्या हातून काही झालं तर तू जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. मी रोज सकाळी उठतो आणि पहिला विचार तुझा येतो.

इकडे वहिनीच्या घेऱ्या वाढल्या आहेत. या महिन्यात दोनदा. परवा तर उठवता उठेना. दातखीळ बसली होती, ओठांच्या आत साखर चोळली तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, औषध किती देता? मी सांगितलं, ठरल्याप्रमाणे, सकाळी अठरा, संध्याकाळी दहा, दिवसाला एकूण अडतीस. त्यांनी मान हलवली, त्यांचं लक्ष पुढच्या पेशंटकडे होतं. खाणं वाढवा म्हणाले.

या वेळी गणित घालत नाही. तुला त्रास नको.

तुझा
दादा


१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

आजही कुठला दिवस नाही. बरं आहे तसं.

सप्टेंबरात त्या सकाळी मी न कळवता तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तू विचारलंस, "सुट्टी कशी मिळाली?" मी म्हटलं, साठली होती. ते खोटं होतं. चार दिवस तुमच्याकडे राहिले आणि चारही दिवस तोंड उघडलं नाही. समोर बसून बोलायचा धीर झाला नाही. तू मला पाढे शिकवलेस, तुला मी हे कसं सांगू? म्हणून लिहिते आहे.

तुझं सोळा तारखेचं पत्र मला कामावर मिळालं. पुन्हा चूक हे वाचून मी खुर्चीत बसले. मग खणातून कार्बनची प्रत काढली. तीनशे एक्क्याण्णव. तीनशे नव्याण्णव. खाली मोठ्या बाईंची सही. मी ती प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहेत." मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की रडू आलं. माझं डोकं जागेवर होतं.

त्या आनंदात मी तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं आणि अडतिसावर येऊन थांबले.

अठरा आणि दहा अठ्ठावीस होतात, दादा. बाटलीत चारशे युनिट असतात. दिवसाला अठ्ठावीस घेतली तर चौदा दिवस पुरतात. अडतीस घेतली तर साडेदहा. तू जुलैतच मला लिहिलं होतंस, बाटली दहा-अकरा दिवसांत संपते. घाम, घेरी, जडावलेलं बोलणं, सगळं लिहिलं होतंस. हा माझा धंदा आहे. कुठल्याही नव्या मुलीला कळलं असतं. पण मी तेव्हा माझ्याच भीतीत इतकी बुडाले होते की तुझं पत्र वाचूनही वाचलं नाही. वहिनीला काही झालं असतं तर अर्धा दोष माझा असता.

मी वहिनीला फोन केला. कुणीच उचलला नाही. शिंपीणकाकूंना फोन करून सांगितलं, वर जा आणि मी येईपर्यंत दादाला काही टोचू देऊ नका, काय वाटेल ते कारण सांगा. त्यांनी तुला सांगितलं की सुया उकळायला नेते. तू म्हणालास, या सुया उकळायच्या नसतात. तरी त्या घेऊन गेल्या. रात्रीच्या बसमध्ये मी बसले. सात तास. प्रत्येक थांब्यावर वाटायचं, पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

सकाळी मी आत आले तेव्हा तुझ्या हातात भरलेली सुई होती. दुकानातून नवी आणलीस म्हणे. खिडकीशी उभा होतास, अगदी मी सांगितलं होतं तसा, उजेडात. वहिनीने विचारलं, "किती घेतलं?" तू म्हणालास, "अठरा." तिने हात पुढे केला. मी तुझ्या हातातून सुई घेतली आणि म्हटलं, दे मला, माझा हात हलका आहे. रेघ अठ्ठाविसावर होती.

त्यातली दहा मी बेसिनमध्ये सोडली तेव्हा तू टॉवेल शोधत होतास.

आता शिंपीणकाकू दोन्ही वेळा सुई तपासायला येतात ते माझ्या सांगण्यावरून. तुला मी सांगितलं की डॉक्टरांचा नवा नियम आहे. तसा नियम नाही. वहिनीने मला एक गोष्ट सांगितली आहे, पण ती तिने स्वतः तुला सांगायची आहे.

तू मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला हवंस. मी सोबत येते. मला खूप भीती वाटते आहे, दादा, आणि ती माझ्यासाठी नाही.

चिंगी


२३ नोव्हेंबर २०२५
फिबोनाची दिन (लोक महिना आधी लिहितात म्हणून: १, १, २, ३)

प्रिय चिंगे,

तारीख शिंपीणकाकूंकडून तपासून घेतली आहे. हे पत्र मी चार दिवस थोडं थोडं लिहितोय.

डॉक्टरांकडे गेलो. तू येईपर्यंत थांबलो नाही, थांबलो असतो तर गेलोच नसतो. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी हसलो, म्हटलं मी गणिताचा मास्तर आहे. त्र्याण्णव म्हटलं आणि पुढे गेलो. ते लिहून घेत होते. मध्येच त्यांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला कळलं. आईचंच आहे. सुरुवात आहे म्हणाले.

वहिनीने तिची गोष्ट मला सांगितली. तिला जुलैपासून अंदाज होता. सुई टोचल्यावर औषध जायला किती वेळ लागतो ते तिला अंगावर कळायचं, आणि तो वेळ वाढला होता. ती टोचून घेण्याआधी मूठभर साखर खायची, मी हात धुवायला गेलो की. ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी घेरी यायची. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही एवढ्या खात्रीने अठरा म्हणायचात, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" चिंगे, ती मरायला तयार होती आणि मला चुकलात म्हणायला तयार नव्हती. या घरात मी कसला मास्तर होऊन बसलो होतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. हे वहिनीलाही सांगितलेलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुझं उत्तर माझ्या उत्तराशी ताडून पाहिलं. मला तीनशे एक्क्याऐंशी येत होतं. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच आलं. तुझं तीनशे एक्क्याण्णव. मग मी वही घेऊन रीतसर मांडून केलं, शाळेत फळ्यावर करायचो तसं. तेव्हा तुझं उत्तर आलं.

हो, मला कळलं होतं. त्याच दिवशी. तो कागद मी फाडला. तुझं पत्रही फाडलं, ते हरवलेलं नाही. दोघांपैकी एकाचं आईसारखं होणार हे मला दिसत होतं आणि मी ठरवलं की ते तुझं होऊ दे. मग तुला लिहिलं, चूक, पुन्हा कर. पाकीट पेटीत टाकून घरी आलो आणि मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली. पुढे तू घाबरून लिहिलंस, वॉर्डावरून काढा म्हणालीस, तेही मी वाचलं आणि तरी दुसऱ्यांदा तेच लिहिलं. त्या वेळपर्यंत माझं मलाच खरं वाटू लागलं होतं. तुझी काळजी मी करत होतो ती खरी होती. ती कशी खरी असू शकते ते मला विचारू नकोस, मला कळत नाही.

सुईचं मात्र शपथेवर कळलं नव्हतं. तिथे मला खरोखर अठराच दिसायचे.

मला आता दुसरीच धास्ती आहे. डॉक्टर म्हणाले, जवळचं आधी जातं आणि जुनं राहतं. म्हणजे तुला लहानपणी पाढे शिकवले ते मला आठवत राहील, आणि जुलैत तुझ्याशी काय केलं ते पुसून जाईल. मग मी तुझ्याकडे बघून मजेत हसेन, तुला चिडवेन, आणि तू गप्प का आहेस ते मला समजणार नाही. तेव्हा मी माफी मागू शकणार नाही, कारण कशाची मागायची ते मला ठाऊक नसेल. म्हणून आज मागतो आहे, सगळं लख्ख आठवत असताना. हे पत्र जपून ठेव, आणि मी विसरलो की मला वाचून दाखवू नकोस.

तुझा
दादा